एक शब्द, एक गोष्ट: बालसाहित्यातून शब्द कसा आत्मसात करावा

नवा शब्द शिकण्यासाठी आधी शब्द न निवडता गोष्ट निवडावी, आणि तिच्यात जो शब्द वाचताना अडेल तोच शिकायला घ्यावा. एका वेळी एकच पुरे. प्रत्येक ओळीला थांबून शब्दकोश उघडणाऱ्याच्या हाती ना गोष्ट लागते ना शब्द.

1935 साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील ‘अळणी भाजी’ हे प्रकरण उदाहरणादाखल घेऊ. पहिल्या वाचनात शब्दकोशाला हात लावू नये. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील त्याबद्दल चकार शब्द न काढता जेवतात, त्यांचे पाहून मुलेही गप्प राहतात आणि शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते, एवढ्या प्रसंगातून ‘अळणी’ या शब्दाच्या अर्थाचा अंदाज आपोआप येतो. तो अंदाज वहीत लिहून ठेवावा आणि मगच शब्दकोश पाहावा. तेथे ‘मीठ नसलेले’ हा अर्थ मिळेलच, शिवाय ‘अ’ आणि ‘लवण’ ही व्युत्पत्तीही सापडेल.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, पण माझ्या मते खरे शिकणे तिथेच घडते: मूळ शब्दाच्या जागी जवळचे शब्द घालून पाहावेत. ‘बेचव भाजी’ म्हटले तर स्वयंपाक करणारीच्या हातालाच दोष लागतो. ‘सपक’ म्हटले तर मीठ असूनही भाजी सपक असू शकते. ‘अळणी’ मात्र नेमक्या एका विसरण्याकडे बोट दाखवते, आणि वडिलांच्या मौनातला समजूतदारपणा त्या नेमकेपणावरच उभा आहे. शिवाय हा शब्द शीर्षकातच असल्याने, आईला जे शेवटी कळते ते वाचकाला आधीपासून ठाऊक असते.

जुन्या पुस्तकांतले काही शब्द आता बोलण्यात राहिलेले नाहीत. ते ओळखता आले तरी पुष्कळ झाले. ‘अळणी’ मात्र रोजच्या वापरातला असल्याने तो ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य वहीत उतरवावे आणि त्याखाली स्वतःची दोन वाक्ये लिहावीत: एक शब्दशः अर्थाचे, दुसरे लाक्षणिक, जसे ‘भाषण विद्वत्तापूर्ण होते, पण अगदीच अळणी.’ काही दिवसांनी वही मिटून तो प्रसंग कुणाला तरी तोंडी सांगावा. सांगण्याच्या ओघात शब्द आपणहून आला नाही, तर ते प्रकरण पुन्हा एकदा वाचावे.