टाउन बोर्डावर निवडून आलात? आधी डायरी धरा

न्यूयॉर्क राज्यातल्या एका टाउन क्लर्कच्या, म्हणजे टाउनचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात मी काम करते. इथे टाउन बोर्डाच्या, म्हणजे टाउनचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, सदस्यालाही राज्याच्या पेन्शन व्यवस्थेत सामील होता येतं. नगरसेवकाला मानधन आणि पेन्शन फक्त आमदाराला, हे डोक्यात घट्ट बसलेल्या आपल्या लोकांना ते चटकन पटत नाही.

सदस्यत्व ऐच्छिक आहे आणि घेतलंत तर मानधनातून वर्गणी कापली जाते. पण खरी गोम सेवाकाळ मोजण्यात आहे. निवडून आलेला माणूस हजेरीपटावर सही करत नाही, मग त्याचे दिवस धरायचे कसे? 2009 च्या नियमानुसार ते काम तुमच्याच नोंदवहीवर सोपवलंय. मुदत सुरू झाल्यापासून 150 दिवसांच्या आत सलग तीन महिन्यांच्या कामाची नोंद ठेवायची आणि 180 दिवसांच्या आत ती क्लर्ककडे द्यायची. सुट्ट्यांचे किंवा ऐन बजेटच्या धांदलीचे महिने निवडू नका, एरवीसारखे महिने घ्या.

'समितीची कामे, 3 तास' ही नोंद आमच्या काही कामाची नाही. 'मंगळवार, 6.30 ते 7.45, पाणीपट्टीवरची सुनावणी' असं लिहा. बैठकीनंतरच्या गप्पा, प्रचार, आणि 'मी काय, चोवीस तास फोनवर असतोच' यातलं काहीही धरलं जात नाही. (शेवटचं वाक्य प्रत्येक नवा सदस्य ऐकवतो.)

आता हिशेब. बोर्ड ठरावाने कामाचा प्रमाण दिवस ठरवतं, 6 ते 8 तासांचा. समजा तो 6 तासांचा आहे आणि तीन महिन्यांत तुमचे 72 तास भरले. म्हणजे महिन्याला 4 दिवस, वर्षाला 48. सेवेचं पूर्ण वर्ष मात्र 260 दिवसांचं धरतात. पेन्शनचा हक्क मिळायला 5 वर्षांची सेवा लागते. या गतीने ती भरायला सत्तावीस वर्षं लागतील! म्हणून निव्वळ बोर्डाच्या जोरावर पेन्शनची स्वप्नं बघू नका. आधी काउंटीत किंवा राज्य सरकारात नोकरी केली असेल, तर ती सेवा यात मिळवली जाते आणि गणित बदलतं. मात्र एका वर्षात एका वर्षाहून जास्त सेवा कुणालाच मिळत नाही.

बोर्डाच्या या ठरावात तुमचे दिवसही असतात आणि तो टाउनच्या वेबसाइटवर 30 दिवस लावावा लागतो. तेव्हा तुमचे दिवस शेजारीही वाचणार, हे धरूनच लिहा. कामात फरक पडला नाही, तर तीच नोंद 8 वर्षांपर्यंत चालते. नव्या मुदतीत तसं लेखी कळवायचं.