कुठलं नेट घ्यायचं? आधी गल्लीत विचारा, मग स्पीड बघा

आपल्या बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळकडं खांबाखांबावरनं फायबरच्या वायरी लोंबकळतात आणि येणारा प्रत्येक माणूस म्हणतो आमचंच नेट फास्ट. खानापूरकडच्या खेड्यात मात्र पर्याय एक, फार तर दोन. दोन्हीकडं निवडायची पद्धत तीच, जाहिरातीतला आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

पहिलं म्हणजे तुमच्या गल्लीपर्यंत नक्की काय आलंय ते बघा. कंपनी बेळगावात आहे म्हणून भागत नाही. बीएसएनएलचं फायबर बऱ्याच ठिकाणी लोकल पार्टनर, म्हणजे कधी कधी आपला केबलवालाच बघतो, त्यामुळं एकाच कंपनीचं नेट ह्या गल्लीत झकास आणि पलीकडच्या गल्लीत रडतंय असं होऊ शकतंय. जिओ, एअरटेलचं एअरफायबर टॉवरवरनं हवेतनं येतंय, वायर तुटायची भीती नाही, पण टॉवरवर गर्दी झाली की स्पीड पडतंय आणि अपलोड तर फायबरपेक्षा कमीच. फायबर येत असेल तर फायबरच घ्या, माझं तरी असं मत आहे.

मग शेजाऱ्यांकडं जा. "नेट कसं आहे" विचारलं तर "बरं आहे की" एवढंच उत्तर मिळतंय. असं विचारा, गेल्या पावसाळ्यात किती वेळा गेलं, कंप्लेंट केल्यावर माणूस कधी आला, रविवारी फोन उचलतात का, आणि करंट गेल्यावर नेट राहतंय का? हा शेवटचा प्रश्न लई महत्त्वाचा, कारण आपल्या राऊटरला इन्व्हर्टर लावला तरी पलीकडं केबलवाल्याच्या मशीनला बॅकअप नसला तर नेट गेलंच.

आता टेस्ट. शेजारी ओळखीचा असेल तर रात्री नऊच्या सुमाराला लॅपटॉप घेऊन जा, सगळे व्हिडिओ बघत असतात तेव्हाच लाईनचा खरा कस लागतो, सकाळी सहाला सगळ्यांचंच नेट पळतंय. शक्यतो लॅनची वायर, म्हणजे राऊटरमधनं थेट लॅपटॉपला जाणारी वायर लावा. वायफायच असेल तर राऊटरजवळ बसून वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर जोडा, नाहीतर तुम्ही कंपनीची लाईन नाही, भिंतीची जाडी मोजताय. स्पीडटेस्ट ॲप बऱ्याचदा कंपनीचाच जवळचा सर्व्हर धरतंय आणि आकडा गोंडस येतोय, म्हणून सर्व्हर बदलून मुंबईचा किंवा बेंगळुरूचा धरा. आकडा एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट ह्यात असतोय आणि फाईल मोजतात मेगाबाइटमध्ये (एमबी), म्हणून त्याला ८ नं भागा, १०० च्या प्लॅनवर फाईल सेकंदाला साधारण १२ एमबीनं उतरणार. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतंय, त्यामुळं चार माणसांच्या घराला ३०० चा प्लॅन बहुतेक वेळा उगीचच.

स्पीडपेक्षा तुटतंय किती ते बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरात पिंग, स्पेस, डॅश टी, स्पेस, ८.८.८.८ (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) टाकायचं, अर्धा तास चालू ठेवायचं आणि कंट्रोल-सी दाबलं की किती पॅकेट, म्हणजे पाठवलेले डेटाचे तुकडे, हरवले ते टक्क्यात येतंय. शून्य आलं तर उत्तम, एक-दोन टक्के जरी गेले तरी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटायला लागतोय. दुसऱ्या खिडकीत राऊटरच्या पत्त्याला, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१, तसंच पिंग लावा. तिथंही हरवत असेल तर दोष कंपनीचा नाही, तुमच्या वायफायचा.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतल्या दरावर बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतोय, इन्स्टॉलेशन आणि राऊटरचं डिपॉझिटही विचारून घ्या. सहा महिन्यांचा प्लॅन स्वस्त पडतोय खरा, पण पहिल्यांदा एकच महिन्याचा घ्या, आणि जमलं तर जुलैतच, आपल्याकडच्या पावसात लाईन टिकली तर पुढं खुशाल सहा महिन्यांचे भरा. तोवर जुनं कनेक्शन तोडू नका, आणि तोडताना राऊटर परत दिल्याची पावती घेतल्याशिवाय त्यांच्या माणसाला सोडू नका, डिपॉझिट मागताना तीच लागते.