मर्लिन घेतलात तर आधी काय शिकायचं

'मास्टर ऑफ मॅजिक' या कॉम्प्युटरवरच्या डावपेचांच्या खेळात मर्लिनसारखा जादूगार घेतला की नवा खेळाडू रिसर्चची, म्हणजे नवे मंत्र शिकायची, यादी उघडतो आणि त्यातला सगळ्यात महागडा मंत्र निवडतो. महाग म्हणजे भारी, असा सरळ हिशोब. माझा भाचा इंदूरच्या विजयनगरहून रविवारी आमच्याकडे लोकमान्य नगरला येतो तो कॉम्प्युटरवर डोळा ठेवूनच, आणि तासाभरात हरला की विचारतो, "आत्या, मी तर सगळा जोर रिसर्चवरच लावला होता ना?" लावला होतास रे, तिथेच तर गोची आहे.

हा खेळ सिमटेक्सने बनवलेला, मायक्रोप्रोजने 1994 मध्ये काढलेला. 2022 मध्ये त्याची नवी आवृत्तीही आली, पण मी अजून जुनाच खेळते आणि खालचे आकडे जुन्याचेच आहेत.

मंत्र निवडण्याआधी आपलं कास्टिंग स्किल, म्हणजे मंत्र टाकण्याची कुवत, बघायचं. सुरुवातीला जादूच्या दर पुस्तकामागे 2 मिळतं; पुस्तकं लाइफ, नेचर, सॉर्सरी, केऑस आणि डेथ अशा जातींची असतात. मर्लिनकडे लाइफची 5 आणि नेचरची 5 पुस्तकं, म्हणजे स्किल 20. याचा अर्थ नकाशावर मंत्र टाकताना एका टर्नला (खेळीला) 20 च मॅना, म्हणजे जादूचं इंधन, खर्च करता येतो, साठ्यात 500 का पडून असेना. स्प्राइट्स (चिमुकल्या पऱ्या) बोलवायला 100 मॅना लागतो, म्हणजे 5 टर्न. ग्रेट वर्म या अजस्र प्राण्याला 1000. स्किल 20 वरच राहिलं तर 50 टर्न! तोवर शेजारचा जादूगार तुमच्या दोन गावांत ठाण मांडून बसलेला असतो. लढाईतही तेच, अख्ख्या लढाईत मिळून स्किलपुरतेच मंत्र टाकता येतात. शिवाय लढाई राजधानीपासून जितकी लांब, तितका साठ्यातला मॅना जास्त जातो, अगदी तिपटीपर्यंत.

मी सियागंजात मसाल्याच्या पेढीवर हिशोब बघते. गोडाऊन मालाने गच्च आणि हमाली द्यायला गल्ल्यात रोकड नाही, असे व्यापारी दर हंगामात दिसतात. स्किल नसताना मोठे मंत्र शिकत सुटणाऱ्याची गत तीच.

म्हणून पहिल्या रिसर्चला एकच प्रश्न विचारायचा: या मंत्राने मला जवळचा नोड मिळेल का? नोड म्हणजे नकाशावरचे शक्तीचे झरे, सॉर्सरी, नेचर आणि केऑस अशा तीन जातींचे. त्यावर राक्षस पहारा देत असतात. ते मारायचे, मग मॅजिक स्पिरिट (मंत्राने बोलवायचा आत्मा) नेऊन नोडमध्ये विलीन करायचा. तो 30 मॅनात येतो आणि शिकावाही लागत नाही. त्या टर्नपासून दर टर्नला शक्ती यायला लागते आणि रिसर्च, मॅना, स्किल तिन्ही त्यातूनच पोसले जातात. सुरुवातीला मंदिरं बांधून जेवढं मिळतं, त्यापेक्षा एक बरा नोड केव्हाही भारी.

मर्लिनच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, स्प्राइट्स. सुरुवातीच्या मंत्रांत ते नसतील आणि यादीत दिसले, तर डोळे झाकून तेच घ्या. दिसायला अगदीच फालतू, एका फटक्यात मरतात. पण उडतात आणि लांबून मारा करतात. जमिनीवरून लढणाऱ्या, स्वतः लांबून मारा न करणाऱ्या राक्षसाला त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही. समजा नेचर नोडवर वॉर बेअर्स आहेत. स्प्राइट्सच्या दोन तुकड्या घेऊन जायचं, दोघींनी मिळून एकाच अस्वलावर मारा करायचा. अस्वल खाली उभं राहून डोळे वटारण्यापलीकडे काही करू शकत नाही. मारा वाटून टाकला तर सगळी अस्वलं जखमी होतात आणि पुन्हा जाईपर्यंत बरी होतात, एकही कमी होत नाही. मारा मोजकाच असतो, तो संपला की नुसता टर्न संपवत राहायचं. लढाईला टर्नची मर्यादा आहे, ती संपली की आपण बाहेर. पळ काढायचा नाही, त्यात तुकडी गमावण्याचा धोका असतो. पुढच्या टर्नला परत जायचं. बघायला कंटाळवाणं आहे हे कबूल, भाचा तर चक्क मोबाइल काढून बसतो.

आत शिरण्याआधी खेळ पहारेकऱ्याचं नाव सांगतो आणि जायचं का विचारतो. तिथे 'हो' दाबण्याची घाई नको. गार्गॉइल, डूम बॅट, स्काय ड्रेक हे स्वतः उडतात. जायंट स्पायडर्स जाळं टाकून उडणाऱ्याला खाली ओढतात. असलं नाव दिसलं की मुकाट्याने दुसरा नोड शोधायचा.

स्प्राइट्सनंतर मी वेब घेते. 10 मॅनाचा मंत्र, म्हणजे स्किल 20 असताना एका लढाईत दोनदा. समोरचा जागच्या जागी अडकतो, उडणारा असेल तर जमिनीवर येतो. मग अर्थ लोर, नकाशाचा अंधारा भाग उघडून नोड कुठे आहेत ते बघायला. एक बारकी गोष्ट मात्र लक्षात ठेवा: नोडवर लढताना नोडच्या जातीबाहेरचे मंत्र बऱ्याचदा विरून जातात. वेब नेचर नोडवर बिनधास्त चालतं, केऑस नोडवर भरवसा नाही. लाइफचं स्टार फायर्स फक्त डेथ आणि केऑसच्या प्राण्यांना लागतं, तेव्हा ते पडक्या देवळांतल्या सांगाड्यांसाठी राखून ठेवा.

लाइफमधलं हिरोइझम चांगलं आहे, साध्या तुकडीला तेवढ्या लढाईपुरतं मुरलेल्या शिपायांच्या तोडीचं करतं. वॉल ऑफ स्टोन, वॉटर वॉकिंग वगैरे सध्या राहू द्या.

बाकीच्या जादूगारांचं थोडक्यात. टॉरॉन घेतलात तर हेल हाउंड्स, मूळ किंमत 40. जफरला फँटम वॉरियर्स, लढाईतच 10 मॅनात उभे राहतात आणि शत्रूचं चिलखत त्यांच्यापुढे कामाचं नाही. र्‍याक किंवा काली (हो, आपलीच काली, डेथ आणि सॉर्सरीची पुस्तकं घेऊन) खेळत असाल तर 25 चे स्केलेटन्स. नोडच्या लढाईत ते फार टिकत नाहीत, पण शहराच्या पहाऱ्याला स्वस्त पडतात.

आता शक्तीची वाटणी. मॅना, रिसर्च आणि स्किल अशा तीन काठ्या पडद्यावर असतात, त्या वर-खाली करून वाटणी ठरवायची. पहिला मंत्र हाती येईपर्यंत रिसर्चवर जोर ठीक. तो आला की रिसर्च खाली आणि स्किल वर. 20 चं स्किल 21 करायला 40 गुण लागतात आणि पुढे दर पायरी महाग होत जाते, म्हणून स्वस्त आहे तोवर उरकून घ्यायचं. रिसर्च उपाशी राहील ही भीती नको. लायब्ररी 2, सेजेस गिल्ड 3 आणि युनिव्हर्सिटी 5 रिसर्च दर टर्नला देतात, तेही शक्तीला हात न लावता. मोठ्या शहरात धान्यकोठार झालं की लायब्ररी लावून टाका.

दोन नोड हातात आले आणि स्किल 30 च्या पुढे गेलं, की जायंट स्पायडर्सकडे वळायला हरकत नाही. 200 मॅना म्हणजे सहा-सात टर्न, आणि त्यांचा दर टर्नचा मॅना-खर्च नोडमधून आरामात निघतो.