अमेरिकेतील पहिले सेमिस्टर आणि पाठ्यपुस्तकांचा खर्च : नव्याने जाणाऱ्यांसाठी अनुभव

२०१४ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात दाखल झालो. वर्ग सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मी कॅम्पसवरील पुस्तकांच्या दुकानात गेलो. तेथे विषयांच्या क्रमांकानुसार पुस्तके मांडलेली होती आणि प्रत्येक कप्प्याखाली एक चिठ्ठी होती. तिच्यावर प्राध्यापकांचे आडनाव, पुस्तक 'आवश्यक' आहे की 'ऐच्छिक', आणि नवीन, वापरलेल्या व भाड्याच्या प्रतीची किंमत असा सगळा तपशील छापलेला होता. माझ्या तिन्ही विषयांच्या चिठ्ठीवर 'आवश्यक' असे लिहिलेले पाहून मी तिन्ही पुस्तके नवी घेतली. बिल ४७० डॉलर झाले. त्या वेळच्या दराने ते अठ्ठावीस हजार रुपयांहून अधिक होते, आणि माझ्या चार वर्षांच्या पदवी शिक्षणात पुस्तकांवर एकूण एवढा खर्च झालेला नव्हता. सेमिस्टर संपले तेव्हा हिशेब असा निघाला : पहिले पुस्तक मी दोनदा उघडले होते, दुसरे विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-पुस्तक म्हणून विनामूल्य उपलब्ध होते, आणि तिसऱ्याची भारतीय आवृत्ती सांगलीला माझ्या कपाटात पडून होती.

पुढे पीएच.डी.च्या काळात मी शिक्षक-सहायक, म्हणजे तिकडच्या बोलीत टीए, म्हणून काम केले आणि हाच व्यवहार टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला. तेव्हा एक गोष्ट उमगली. पाठ्यपुस्तक निवडणारा आणि त्याचे पैसे देणारा या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. प्राध्यापकांना प्रकाशकाकडून तपासणीसाठी विनामूल्य प्रत येते. मलाही टीए म्हणून तशी प्रत मिळाली. पुस्तकाची निवड त्यातील मांडणी, उदाहरणे आणि सोबत येणारी उत्तरपत्रे व स्लाइड्स पाहून होते, आणि तिथे किमतीचा प्रश्न बहुधा निघतच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधासारखेच हे आहे : ग्राहकाला दुसरे काही घेण्याची मोकळीक नसते, त्यामुळे किंमत वाढली तरी मागणी फारशी घटत नाही. त्यात दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि जुन्या प्रतींची बाजारपेठ एका झटक्यात आटते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या. त्याच काळात सर्वसाधारण किमतींची वाढ २१ टक्के होती. म्हणून दुकानातल्या कर्मचाऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. किमतीचा मोठा भाग प्रकाशकाच्या पातळीवरच ठरलेला असतो.

नवागताला पहिली मदत कायद्याचीच आहे. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यातील तरतुदीनुसार, जी जुलै २०१० पासून लागू झाली, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांनी विषयांच्या वेळापत्रकातच प्रत्येक पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आणि किंमत शक्य तेथवर जाहीर करावी लागते. याचा अर्थ असा की विषयांची नोंदणी करताना, म्हणजे तुम्ही अजून पुण्यात किंवा नागपुरात असतानाच, कोणते पुस्तक लागणार हे तुम्हाला कळू शकते. तो तेरा अंकी क्रमांक वहीत उतरवून घ्या. एकाच नावाच्या पुस्तकाच्या कापडी बांधणीची प्रत, सुट्या पानांची प्रत आणि अ‍ॅक्सेस कोडसह, म्हणजे प्रकाशकाच्या संकेतस्थळावर प्रवेश देणाऱ्या कोडसह, विकला जाणारा संच यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, आणि किमतीची तुलना करताना हमखास चूक होते ती इथेच.

क्रमांक मिळाला की लगेच खरेदी करू नका. प्राध्यापकांना ई-मेल लिहा. आपल्याकडचे विद्यार्थी कचरतात ते याच पायरीवर. 'सरांना असे कसे विचारायचे' हा संकोच मी दोन सेमिस्टर बाळगला आणि त्याची किंमत मोजली. टीए झाल्यावर पाहिले की स्थानिक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हे प्रश्न निःसंकोच विचारतात, आणि त्यात कोणालाच अनादर वाटत नाही. पत्र चार ओळींचे असावे, 'प्रोफेसर' आणि आडनाव अशा संबोधनाने सुरू करावे आणि त्यात नेमके विचारावे : मागील आवृत्ती चालेल का, गृहपाठाचे प्रश्न पुस्तकातून क्रमांकाने दिले जातात की स्वतंत्र लिहून दिले जातात, आणि परीक्षा पुस्तक उघडे ठेवून देता येणारी आहे का. शेवटचा प्रश्न मी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर एका मित्राच्या अडचणीवरून शिकलो. त्याने ई-पुस्तकावर भागवले होते. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून देण्याची होती, पण लॅपटॉप आणि मोबाइलला सभागृहात परवानगी नव्हती. छापील प्रत जवळ असलेल्यांनी त्यातील तक्ते वापरले आणि हा मात्र रिकाम्या हाताने बसला. अशा विषयासाठी भाड्याची छापील प्रत सर्वांत योग्य ठरते. मात्र भाड्याने देताना दुकाने हमी म्हणून क्रेडिट किंवा डेबिट कार्ड मागतात, आणि ठरलेल्या तारखेस पुस्तक परत न गेल्यास त्यावरून मोठी रक्कम वसूल करतात. ती तारीख बहुधा अंतिम परीक्षेच्या आसपासच येते, तेव्हा ती आधीच लिहून ठेवा.

मागील आवृत्तीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. उष्मागतिकी, स्थितिशास्त्र (स्टॅटिक्स), सांख्यिकी किंवा कलनशास्त्रासारख्या पायाभूत विषयांत दोन आवृत्त्यांमधील मजकूर क्वचितच मोठा बदलतो. बदलतात ती गणिते आणि त्यांचे क्रमांक. जुनी प्रत कित्येकदा नव्याच्या दहाव्या हिश्श्याच्या किमतीत मिळते. त्यामुळे ती घ्यावी, दर आठवड्याच्या गृहपाठाची गणिते ग्रंथालयातील नव्या प्रतीशी ताडून पाहावीत आणि क्रमांकांची एक यादी करून ठेवावी. हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. हे न केल्यास मात्र भलतेच गणित सोडवून पूर्ण गुण गमावण्याचा धोका असतो. टीए म्हणून तपासताना मला अशा उत्तरपत्रिका प्रत्येक सेमिस्टरला दिसत असत. कर कायदा, औषधशास्त्र किंवा झपाट्याने बदलणारे सॉफ्टवेअर अशा विषयांत जुन्या आवृत्तीवर विसंबू नये.

आता भारतीय आवृत्त्यांविषयी, कारण निघण्यापूर्वी हा प्रश्न सर्वांना पडतो. अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याच्या पदपथावर जी पुस्तके काही शे रुपयांत मिळतात, त्यांतील अनेकांच्या अमेरिकन प्रती दीडशे-दोनशे डॉलरच्या असतात. त्यांच्या मुखपृष्ठावर 'केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशा अर्थाची ओळ असल्याने विद्यार्थी घाबरतात. याबाबतचा एक निकाल माहीत असावा. कॉर्नेल विद्यापीठात शिकायला आलेल्या सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याने नातेवाइकांकडून थायलंडमधील स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकल्या. त्यावर जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने दावा लावला आणि खालच्या न्यायालयात त्याला सहा लाख डॉलरची भरपाई देण्याचा आदेश झाला. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरवला, आणि परदेशात कायदेशीरपणे छापलेली प्रत एकदा विकत घेतली की ती पुढे विकण्याचा मालकाला अधिकार आहे, असे ठरवले. स्वतःच्या अभ्यासासाठी पुस्तके सोबत नेताना त्या ओळीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

मात्र भारतीय प्रत नेताना दोन गोष्टी पाहा. पहिली अर्थातच वजन. बहुतेक विमान कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात, आणि चार जाड पुस्तकांनी त्यातले सहा-सात किलो सहज खाल्ले जातात. दुसरी गोष्ट आमच्या शाखेत फार महत्त्वाची आहे. भारतीय किंवा आंतरराष्ट्रीय आवृत्तीत बहुधा एसआय एकके असतात, तर अमेरिकन आवृत्तीतील अनेक गणिते फूट, पाउंड आणि फॅरनहाइटमध्ये असतात. गणितांचा क्रम वेगळा आणि आकडेही वेगळे. म्हणून मी नव्याने जाणाऱ्यांना असे सांगतो की जी पुस्तके तुम्ही पदवीच्या वर्षांत खरोखर वाचली आहेत, ज्यांच्या समासात तुमच्या हाताने लिहिलेले आहे, अशी दोन किंवा तीनच न्या. पदव्युत्तर वर्गात पाया आठवण्यासाठी त्यांचा जो उपयोग होतो तो कोणत्याही कोऱ्या प्रतीचा होत नाही. केवळ स्वस्त मिळते म्हणून बॅग भरू नका.

सर्वांत जास्त बचत ग्रंथालयात होते, आणि नवागत तिकडे सर्वांत शेवटी वळतो. आपल्याकडे ग्रंथालय म्हणजे दोन कार्डांवर आठ दिवसांसाठी दोन पुस्तके, अशी सवय असते. तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्याला एकाच वेळी डझनावारी पुस्तके, अनेकदा संपूर्ण सेमिस्टरसाठी, घरी नेता येतात. प्राध्यापकांनी सुचवलेल्या पाठ्यपुस्तकाची एक प्रत बहुधा 'कोर्स रिझर्व्ह'मध्ये राखून ठेवलेली असते. ती दोन-तीन तासांसाठी काउंटरवरून मिळते, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्यासाठी रांग लागते, म्हणून आठवड्याच्या आरंभीच तिचा वापर करावा. आपल्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर 'इंटरलायब्ररी लोन'ची मागणी ऑनलाइन नोंदवता येते. दुसऱ्या विद्यापीठातून, कधी दुसऱ्या राज्यातून, ते पुस्तक काही दिवसांत येते आणि विद्यार्थ्याला त्यासाठी सहसा काहीही द्यावे लागत नाही. पीएच.डी.च्या काळात मला लागलेली निम्म्याहून अधिक पुस्तके अशीच आली. ई-पुस्तकांच्या बाबतीत एक बारकावा आहे : काही पुस्तके एका वेळी एकाच वाचकाला उघडता येतात, तर काहींवर तसे बंधन नसते आणि प्रकरणे पीडीएफ स्वरूपात उतरवूनही घेता येतात. स्प्रिंगरसारख्या शास्त्रीय प्रकाशकांची हजारो पुस्तके अनेक विद्यापीठांच्या वर्गणीत अंतर्भूत असतात. विषय-ग्रंथपालांना भेटा. त्या पदावरील व्यक्तीचे कामच विद्यार्थ्याला असे मार्ग दाखवण्याचे आहे, आणि मला भेटलेल्या ग्रंथपाल बाईंनी पहिल्या अर्ध्या तासात माझे जेवढे पैसे वाचवले तेवढे पुढे कोणत्याही सवलतीने वाचले नाहीत.

जिथे हे सगळे उपाय अपुरे पडतात ती जागा म्हणजे अ‍ॅक्सेस कोड. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, लेखाशास्त्र यांच्या पदवी वर्गांत गृहपाठ प्रकाशकाच्या संकेतस्थळावर सोडवावा लागतो आणि त्याचे गुण अंतिम निकालात धरले जातात. त्यासाठी लागणारा कोड एकदाच वापरता येतो, त्यामुळे जुने पुस्तक घेऊन उपयोग नसतो. मी ज्या वर्गाचा टीए होतो तिथे एक मुलगी पगाराच्या दिवसाची वाट पाहत पहिले तीन गृहपाठ चुकवत राहिली. तिची अडचण मला कळली तेव्हा त्या गृहपाठांची मुदत संपून गेली होती. ती हुशार होती, आणि ते गुण तिने अज्ञानामुळे नव्हे, तर पैशांअभावी गमावले याचे मला आजही वाईट वाटते. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. बहुतेक संकेतस्थळे साधारण दोन आठवड्यांचा विनामूल्य तात्पुरता प्रवेश देतात, तो पहिल्याच दिवशी घ्यावा. आणि कोड पुस्तकाशिवाय सुटा मिळतो का ते पाहावे. संचातील वस्तू सुट्याही विकल्या पाहिजेत, अशी तरतूद वर सांगितलेल्या २००८ च्या कायद्यातच आहे, आणि सुट्या कोडसोबत पुष्कळदा ई-पुस्तकही येते. अलीकडे अनेक विद्यापीठांत डिजिटल पुस्तकाची रक्कम थेट शुल्काच्या बिलात जोडली जाते. ती नको असल्यास ठरावीक तारखेपूर्वी नकार नोंदवावा लागतो. शुल्काचे बिल ओळ न् ओळ वाचा, आणि नकार देण्यापूर्वी त्या रकमेत गृहपाठाचा कोड समाविष्ट आहे का याची खात्री करून घ्या.

झेरॉक्सविषयी थोडक्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स केंद्राच्या बाजूने निकाल दिला, कारण भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी स्वतंत्र अपवाद आहे. तो अपवाद बरोबर घेऊन जाता येत नाही. अमेरिकेत एखाद्या प्रकरणाची प्रत काढणे आणि अख्खे पुस्तक स्कॅन करून गटात पाठवणे यांत मोठा फरक मानला जातो, आणि विद्यापीठाच्या इंटरनेट जोडणीवरून चोरटी प्रत उतरवल्याची नोटीस थेट विद्यार्थ्याच्या नावाने येऊ शकते. व्हिसावर असलेल्या माणसाने हा धोका पत्करू नये. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाने २०१२ पासून भौतिकशास्त्र, कलनशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांची पाठ्यपुस्तके कायदेशीररीत्या विनामूल्य उपलब्ध केलेली आहेत, आणि अनेक नामवंत प्राध्यापक स्वतःच्या पुस्तकाची प्रत आपल्या पानावर ठेवतात. पुस्तकाचे नाव मिळताच आधी लेखकाचे पान पाहण्याची सवय लावून घ्या.

इतके करूनही काही पुस्तके विकत घ्यावीच लागतात आणि घ्यावीतही. संशोधनाच्या विषयातील एक संदर्भग्रंथ मी दुसऱ्या वर्षी पूर्ण किंमत देऊन नवा घेतला, आणि तो आजही माझ्या टेबलावर आहे. घेतलेले पुस्तक कोरे ठेवा, प्लॅस्टिकचे वेष्टन असेल तर पहिल्या वर्गापर्यंत फोडू नका आणि पावती जपा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय बदलल्यास पूर्ण रक्कम परत मिळण्याची मुदत असते, पण वेष्टन फोडलेला कोडचा संच सहसा परत घेतला जात नाही. सेमिस्टरच्या शेवटी दुकान पुस्तके परत विकत घेते. तोच ग्रंथ पुढील सेमिस्टरला लागणार असेल तर निम्म्यापर्यंत किंमत मिळते, नाही तर घाऊक दराने अगदी थोडी. माझ्या ४७० डॉलरच्या पुस्तकांपैकी दोन मी तशी विकायला नेली तेव्हा दोन्ही मिळून ३५ डॉलर सांगितले गेले. मी ती परत आणली आणि विभागातल्या आम्हा पाच-सहा मराठी विद्यार्थ्यांनी भाड्याच्या घरात एक कपाट त्यासाठी ठेवले. प्रत्येक पुस्तकाच्या आत विषयाचा क्रमांक, प्राध्यापकांचे आडनाव आणि त्या सेमिस्टरला प्रत्यक्षात कोणती प्रकरणे लागली हे पेन्सिलने लिहून ठेवायचे, एवढा एकच नियम होता. तुमच्या विद्यापीठात असे कपाट आहे का, हे तिथल्या सीनियरांना जुलैमध्येच विचारा.