या चुका टाळा: झुला बादलीत घालण्याआधी टोकं बांधा

पाऊस सरला की आमच्या बेळगावात गाद्या-गोधड्या उन्हात येतात आणि माळ्यावरचा झुलाही खाली उतरतो. चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आलेल्या निम्म्या मंडळींकडे तसला जाळीचा सुती झुला असतो. तो कसा धुवायचा हे मात्र कोणी विचारत नाही. विचारतात ते धुऊन झाल्यावर.

झुल्याच्या दोन्ही टोकांना कडीपासून जाळीपर्यंत बारीक दोऱ्यांचा पंखा असतो. तो मोकळा भिजला की संपलं. गेल्या दिवाळीआधी भाच्याने आमचा झुला वॉशिंग मशीनमध्ये टाकला. "मामा, तासाभरात हुतंय की!" तासाभरात झालंही. बाहेर आला तो नारळाएवढा गोळा, कडी आत कुठेतरी. त्याने जोर लावून ओढलं, ओल्या गाठी आणखी आवळल्या, दोन दोऱ्या तुटल्या. शेवटी गोळा तसाच वाळवला, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि वेणीच्या पिनेने एकेक दोरी सोडवत बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. भाचा पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात उठला.

त्यामुळे माझी सवय ऐका. पाणी काढायच्या आधी दोऱ्यांचा जुडगा परकराच्या पांढऱ्या नाडीने तीन ठिकाणी आवळायचा. पांढऱ्याच, कारण रंगीत नाडीचा रंग उतरतो. मग मोठ्या टबात गार पाणी, मूठभरापेक्षा कमी सौम्य पावडर, अर्धा-पाऊण तास भिजवून हाताने दाबत राहायचं. घासायचं नाही, पिळायचं तर नाहीच. खळबळायचं तीन-चार पाण्यात. साबण राहिला तर झुला चिकट होतो आणि धूळ दुप्पट धरतो.

टोकांना लाकडी दांडी असेल तर ती काढा. निघत नसेल तर टबाबाहेर ठेवा, लाकूड फुगून तडकतं.

खानापूरकडच्या लोकांची वेगळी तक्रार: तांबडी माती. डाग दिसला की लगेच ब्लीच! त्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, ब्लीच त्याला काही करत नाही, सुताचा दम मात्र काढतं. माती सुकू द्या, झुला झटका, मऊ ब्रशने कोरडीच झाडा, मग भिजवा. राहिलेली फिकट झाक राहू द्या. झुला आहे, लग्नाचा शालू नव्हे.

कडक गरम पाणी नको, सूत आटतं.

आता वाळवणं. जून ते सप्टेंबर झुला धुऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वरून हाताला कोरडा लागतो, पण जाड दोरीच्या पोटात ओल राहते आणि आठवड्यात काळे ठिपके उठतात. फारच मळला असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि धीर धरा. पाऊस ओसरला की सकाळीच धुवा, दोन दांड्यांवर आडवा पसरा, मधेमधे उलटा. एका दांडीवरून लोंबकळत ठेवला की पाण्याच्या वजनाने ताणला जातो. ओल्या झुल्यात पोरांना बसू देऊ नका, कितीही रडली तरी.

मी दोन दिवस ऊन दिल्याशिवाय घडी करत नाही. घडीसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या उशीच्या अभ्र्यात. आणि तो अभ्रा खुंटीला, माळ्यावर नव्हे. उंदरांना सुती दोरी फार आवडते. परकराच्या नाड्या मी तशाच बांधलेल्या ठेवतो, टांगायच्या दिवशीच सोडतो.