'नॉट ऑफन' लिहायचं की 'ऑफन नॉट'?

रत्नागिरीकडच्या आंबा पल्पच्या कारखान्यांचे इंग्रजी तपासणी अहवाल माझ्याकडे भाषा नीट करायला येतात. असल्या अहवालात कर्ता कुणालाच नको असतो. 'चाळणी तपासली जात नाही' असं लिहिलं की सुपरवायझर खूश आणि ऑपरेटरही खूश. त्यामुळे सगळा मजकूर पॅसिव्हमध्ये. तक्रार नाही, अहवालाला ते शोभतं. अडतं ते 'नॉट' आणि 'ऑफन', 'ऑलवेज' ही मंडळी एका वाक्यात आली की.

ही दोन वाक्यं बघा. 'द सीव्ह इज नॉट ऑफन चेक्ड' आणि 'द सीव्ह इज ऑफन नॉट चेक्ड'. शब्द तेच आहेत, पण 'नॉट' आपल्या पुढे जे येतं ते खोडतो. पहिल्या वाक्यात तो 'ऑफन'ला खोडतो, म्हणजे चाळणी क्वचितच तपासतात. दुसऱ्यात 'ऑफन' त्याच्या तावडीतून सुटलाय आणि खोडलं जातंय ते फक्त तपासणं, म्हणजे तपासणी बऱ्याचदा राहून जाते. दहा पाळ्या धरा. दोनदाच तपासली, तर पहिलं वाक्य. सहा वेळा तपासली आणि चार वेळा राहिली, तर दुसरं लिहिता येईल, पहिलं नाही. फाटक्या चाळणीतून तारेचा तुकडा पल्पमध्ये जाऊ शकतो, तेव्हा वाचणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा.

आपला घोळ होतो कारण मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी बसतं. 'चाळणी नेहमी तपासत नाहीत' याचे दोन्ही अर्थ निघतात. म्हणून इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्याला 'असं नाही' जोडून बघायचं. 'नेहमी तपासतात असं नाही' हेच म्हणायचं असेल तर 'नॉट' आधी: 'इज नॉट ऑलवेज चेक्ड'. 'असं नाही' जोडल्यावर अर्थ बिघडत असेल, म्हणजे 'बऱ्याचदा तपासतच नाहीत' असं म्हणायचं असेल, तर 'नॉट' नंतर. मी अजूनही शंका आली की हेच करते, आणि मनात नाही, मोठ्याने.

'ऑलवेज'नंतर 'नॉट' मात्र लावू नका. 'इज ऑलवेज नॉट चेक्ड' व्याकरणात बसेल, पण कानाला खटकतं. तिथे सरळ 'इज नेव्हर चेक्ड'. 'समटाइम्स'चं उलट: 'नॉट' त्याच्यानंतरच, 'इज समटाइम्स नॉट रेकॉर्डेड'. 'युजुअली' गरीब आहे. 'नॉट युजुअली' म्हणा नाहीतर 'युजुअली नॉट', अर्थात फारसा फरक पडत नाही.

'नेव्हर', 'रेअरली', 'सेल्डम', 'हार्डली एव्हर' यांच्या पोटात नकार आधीच आहे. त्यांच्याबरोबर पुन्हा 'नॉट' घातलात की गणित उलटतं. 'इज नॉट रेअरली चेक्ड' याचा अर्थ 'बऱ्यापैकी वेळा तपासतात' असा होतो. आपल्याला म्हणायचं असतं नेमकं विरुद्ध.

जागा कुठली? पहिल्या सहायक क्रियापदानंतर लगेच. 'हॅज बीन' असेल तर दोघांच्या मध्ये: 'द टेम्परेचर हॅज नॉट ऑलवेज बीन रेकॉर्डेड', 'हॅज रेअरली बीन रेकॉर्डेड'. 'इज नॉट चेक्ड ऑलवेज' ही आपली खास मराठी इंग्रजी, ती टाळा. 'ऑफन'ला मात्र शेवटी बसायची मुभा आहे, बोलताना तर सर्रास: 'इट इझन्ट चेक्ड व्हेरी ऑफन'. 'इझन्ट' लिहिलंत की 'नॉट' 'इज'ला चिकटला, मग 'ऑफन' त्याच्यानंतर आला तर अर्थ 'क्वचित' असाच राहणार. 'बऱ्याचदा नाही' म्हणायचं असेल तर 'ऑफन' आधी घ्या, 'इट ऑफन इझन्ट चेक्ड', नाहीतर 'इज' आणि 'नॉट' सुटे ठेवून 'ऑफन' मध्ये घाला.

'रेअरली इज द सीव्ह चेक्ड' अशी उलटी रचनाही बरोबर आहे, पण ती भाषणात शोभते. अहवालात कुणी लिहिली तर मी खोडते.

याच घरातला आणखी एक घोळ: 'ऑल सॅम्पल्स आर नॉट टेस्टेड'. एकही नमुना तपासला नाही, की काही राहिले? वाचणारा अडकतो. काहीच राहिले असतील तर 'नॉट ऑल सॅम्पल्स आर टेस्टेड', आणि एकही तपासला नसेल तर 'नो सॅम्पल्स आर टेस्टेड'. नमुन्यांच्या तक्त्याखाली हे वाक्य हमखास असतं, तिथे आधी बघा.