कॅफेत फ्री वायफाय देताय? आधी गेस्ट नेटवर्क वेगळं करा

कॅफे चालवणाऱ्यांनो, एक कळकळीची विनंती आहे, बिलिंगचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्ही ज्या वायफायवर आहे त्याचाच पासवर्ड गिऱ्हाइकांना देऊ नका. बऱ्याच ठिकाणी गल्ल्यामागे पिवळ्या कागदावर तोच पासवर्ड चिकटवलेला असतो, आणि राउटरचं लॉगिन अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच, म्हणजे कोपऱ्यात बसलेला कुणीही सेटिंगमध्ये शिरू शकतो!

हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असतं, ते चालू करा, त्याला दुकानाचं नाव द्या, सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचे प्रकार) निवडून पासवर्ड ठेवा आणि आयसोलेशनचा ऑप्शन दिसला तर तोही ऑन करा, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवरून दुसऱ्याच्या फोनपर्यंत पोचता येत नाही. पासवर्ड महिन्याला बदला, क्यूआर कोड छापून टेबलावर ठेवला की पोरांना दर पाच मिनिटांनी स्पेलिंग सांगत बसावं लागत नाही.

स्पीडला लिमिट मात्र घालाच. एकजण मोठी फाइल डाउनलोडला लावतो आणि बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल अडकतात, प्रत्येकी ५ एमबीपीएस मेल-मीटिंगला आरामात पुरतं.

आणि हो, राउटर मायक्रोवेव्हशेजारी नको. मायक्रोवेव्हही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या आसपासच चालतो, सँडविच गरम करायला ठेवलं की नेट रखडतं. राउटर उंचावर, मोकळ्या जागी लावा आणि वायफायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा बँड पण चालू ठेवा.